हाक कोणाला, ओ कोणाची?

आपल्या कोणत्याही वस्तीत दिवेलागणीच्या वेळी उभे राहावे आणि 'राहुल' अशी हाक मारून पाहावी. एका दारातून नव्हे, तीन दारांतून ओ येते. धम्मदीक्षेनंतर आपल्या आईबापांनी जुनी नावे टाकली आणि सिद्धार्थ, गौतम, राहुल, आनंद, यशोधरा अशी नावे मोठ्या अभिमानाने घराघरांत आणली. त्यामुळे एकाच गल्लीत तीन राहुल असणे यात नवल नाही. चुकीचा राहुल धावत आला तर आपण हसतो आणि म्हणतो, "तू नाही रे, मागच्या आळीतला!"

परंतु हीच गोष्ट दहा हजार फुटांवर घडली तर? खाली मनोऱ्यात बसलेल्या माणसाने एका विमानाला हाक मारली आणि ओ दुसऱ्यानेच दिली तर? तेथे हसण्यावारी नेता येत नाही. हाक एकाला आणि ओ दुसऱ्याची, हा विमानवाहतुकीतला जुना आणि गंभीर धोका आहे. तो समजून घेण्यासारखा आहे, कारण आज तो आपल्या खानदेशच्या आभाळातही आहे.

खानदेशच्या डोक्यावरचे आभाळ

विमान म्हणजे मुंबई-दिल्लीच्या श्रीमंतांचे वाहन, असे आपल्या कष्टकरी माणसाला वाटत आले. आता तसे राहिलेले नाही. जळगावच्या विमानतळावरून २३ डिसेंबर २०१७ रोजी 'उडान' योजनेखाली मुंबईची सेवा सुरू झाली. ती पुढे टिकली नाही, परंतु नंतर इतर कंपन्या आल्या. २०२४ मध्ये गोवा, हैदराबाद व पुणे या शहरांसाठीही विमाने सुरू झाली.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे खानदेश हा वैमानिक घडविणारा मुलूख झाला आहे. धुळ्याजवळ गोंदूरच्या धावपट्टीवर १९२८ साली स्थापन झालेल्या बॉम्बे फ्लाइंग क्लबचे प्रशिक्षण चालत आले आहे. शिरपूर तालुक्यात तांडे येथे विमानविद्येची अकादमी आहे. आणि २०२१ मध्ये विमानतळ प्राधिकरणाने नव्या प्रशिक्षण संस्थांसाठी देशातले जे पाच विमानतळ निवडले, त्यांत बेळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबारी यांच्याबरोबर जळगाव होते. केळीच्या बागेत पाणी भरणारा मजूर मान वर करून जी लहान विमाने घिरट्या घालताना पाहतो, ती या विद्यार्थ्यांची.

हे शिक्षण धोक्यावाचून होत नाही. १६ जुलै २०२१ रोजी शिरपूरच्या अकादमीचे एक विमान चोपडा तालुक्यात वर्डी गावाच्या हद्दीत सातपुड्याच्या पायथ्याशी कोसळले. प्रशिक्षक जागीच गेले, शिकाऊ वैमानिक मुलगी जबर जखमी झाली. मदतीला प्रथम धावले ते आसपासचे आदिवासी बांधव. या अपघाताचा नावाच्या घोटाळ्याशी संबंध नव्हता. परंतु आभाळात एक चूक म्हणजे काय, हे खानदेशाने त्या दिवशी जवळून पाहिले.

विमानाला हाक कशी मारतात?

प्रत्येक विमानाला बिनतारी यंत्रावरून हाक मारण्यासाठी एक ठरलेले नाव असते. त्याला कॉलसाइन म्हणतात. प्रवासी विमानाचे कॉलसाइन म्हणजे कंपनीचे ठरलेले नाव आणि फेरीचा क्रमांक. लहान शिकाऊ विमानाचे कॉलसाइन म्हणजे बहुधा त्याच्या अंगावर रंगवलेली नोंदणीची अक्षरे. भारतातल्या प्रत्येक विमानाची नोंदणी 'व्हीटी' या दोन अक्षरांनी सुरू होते आणि पुढे तीन अक्षरे असतात. आपल्या एस.टी.च्या गाडीवर एम.एच. असते तसेच.

आता उदाहरणादाखल दोन विमाने घेऊ. एकाची अक्षरे व्हीटी-एबीसी, दुसऱ्याची व्हीटी-एसीबी. बी, सी, डी, ई, पी, टी ही इंग्रजी अक्षरे खरखरत्या यंत्रावर एकसारखीच ऐकू येतात. म्हणून प्रत्येक अक्षरासाठी एक शब्द ठरवलेला आहे. ए म्हणजे अल्फा, बी म्हणजे ब्राव्हो, सी म्हणजे चार्ली. १९५६ सालापासून ही अक्षरमाला जगभर चालते. आकड्यांचे उच्चारही वेगळे आहेत. तीनला 'ट्री' म्हणायचे, पाचला 'फाइफ' आणि नऊला 'नाइनर', कारण फाइव्ह आणि नाइन यांत कान फसतो.

एवढे करूनही पेच उरतोच. 'अल्फा ब्राव्हो चार्ली' आणि 'अल्फा चार्ली ब्राव्हो' यांत शब्द तेच, क्रम तेवढा उलटा. एकाच संस्थेची एकाच जातीची पाच-सहा विमाने एकाच धावपट्टीभोवती फिरत असतील, त्यांची नोंदणीही ओळीने झालेली असेल, तर नावेही भावंडांसारखी असतात. प्रवासी विमानांचे तेच. एकाच कंपनीची ४३१ आणि ४१३ अशी दोन विमाने एकाच वेळी एकाच नियंत्रकाच्या हद्दीत आली की घोटाळ्याला वाट मोकळी झाली.

आकडे उलटे होणे म्हणजे काय, हे हिशेबाचे काम करणाऱ्या आम्हा कारकुनांना चांगले ठाऊक आहे. खतावणीतून उतरवताना ६३ चे ३६ झाले की तेरीज जुळत नाही. मग जुने हेडक्लार्क सांगत, फरकाला नऊने भाग जातो का पाहा. गेला तर कोठेतरी आकडे उलटे पडले आहेत असा संशय धरा. ही चाचणी खरी आहे. परंतु आमची तेरीज संध्याकाळी जुळवता येते, रात्री बसून चूक शोधता येते. आकाशात ती सवड नसते. तेथे चूक त्याच क्षणी पकडावी लागते.

घोटाळा होतो कसा?

विमाने आणि मनोरा यांचे बोलणे एकाच लहरीवर चालते. त्या लहरीवरचे सर्व वैमानिक एकमेकांचे बोलणे ऐकत असतात, पण एका वेळी बोलू शकतो एकच. दोघांनी एकदम बटण दाबले तर शिट्टीसारखा आवाज येतो, किंवा ज्याचा आवाज जोरकस तोच ऐकू येतो आणि दुसऱ्याचा दबून जातो.

समजा, नियंत्रकाने ४३१ ला सांगितले, "खाली सात हजार फुटांवर या." ४१३ चा वैमानिकही बराच वेळ खाली उतरण्याच्या परवानगीची वाट पाहत आहे. मन ज्याची वाट पाहते तेच कानाला ऐकू येते. त्याला वाटले, हाक आपल्यालाच आहे. त्याने ओ दिली आणि नाक खाली केले. त्याच क्षणी ४३१ नेही उत्तर दिले. दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले. नियंत्रकाने समजून घेतले की ज्याला सांगितले त्यानेच उत्तर दिले. आता आभाळात एक विमान असे आहे, की ते खाली येत आहे हे खाली कोणालाच माहीत नाही.

यात कोणी दारू प्यालेला नाही, कोणी झोपलेला नाही, कोणी अडाणी नाही. तिन्ही माणसे हुशार आणि कामात दक्ष आहेत. फक्त दोन नावे सारखी आहेत आणि एका उत्तराची खातरजमा राहिली आहे.

जगाने मोजलेली किंमत

२७ मार्च १९७७ रोजी स्पेनच्या ताब्यातील तेनेरीफे बेटावर धुक्यात दोन जंबो विमाने धावपट्टीवरच एकमेकांवर आदळली. ५८३ माणसे गेली. शेवटच्या क्षणी मनोरा आणि दुसरे विमान एकाच वेळी बोलले आणि धावत सुटलेल्या विमानाला महत्त्वाचे शब्द नीट ऐकू आले नाहीत. त्यानंतर नियम झाला, की 'टेक-ऑफ' हा शब्द प्रत्यक्ष उड्डाणाची परवानगी देताना किंवा ती रद्द करतानाच वापरायचा, एरवी तोंडातून काढायचा नाही.

१ फेब्रुवारी १९९१ रोजी अमेरिकेत लॉस एंजेलिस येथे एक लहान विमान धावपट्टीवर थांबवून ठेवले होते. कामाच्या गर्दीत ते नियंत्रकाच्या ध्यानातून गेले. त्याच जातीचे दुसऱ्या कंपनीचे विमान जवळच होते. हे म्हणजेच ते, असा समज झाला आणि उतरणाऱ्या मोठ्या विमानाला त्याच धावपट्टीवर परवानगी मिळाली. ३५ जणांचा बळी गेला. चौकशी मंडळाने केवळ त्या एका नियंत्रकावर खापर फोडले नाही. एकाच्या हातून चूक झाली तर ती पकडणारी दुसरी व्यवस्था त्या ठिकाणी नव्हती, हा ठपका त्यांनी व्यवस्थापनावर ठेवला. कामगारांनी हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. आपल्याकडे अपघात झाला की खालच्या माणसाला निलंबित करून फाईल बंद होते.

आपल्या देशात १२ नोव्हेंबर १९९६ रोजी हरियाणात चरखी दादरीजवळ सौदी अरेबियाचे आणि कझाकस्तानचे विमान हवेत एकमेकांवर आदळले. ३४९ जण गेले. त्यांत आखाती देशांत मजुरीला निघालेले पुष्कळ भारतीय होते. तेथे नावाचा घोटाळा नव्हता. एकाला पंधरा हजार आणि दुसऱ्याला चौदा हजार फुटांची मर्यादा दिली होती, आणि पंधरा हजारवाला खाली घसरला. पण दोष त्याच कुळातला: सांगितले एक, विमानात झाले दुसरे. या अपघातानंतर भारतात येणाऱ्या प्रवासी विमानांना टक्कर टाळण्याची सूचना देणारे यंत्र सक्तीचे झाले.

आणि हे सर्व जुने झाले असे कोणी समजू नये. २ जानेवारी २०२४ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर भूकंपग्रस्तांसाठी मदत घेऊन निघालेले तटरक्षक दलाचे विमान धावपट्टीवर आले आणि त्यावर प्रवासी विमान आदळले. मनोऱ्याने त्याला 'नंबर एक' म्हटले होते, म्हणजे रांगेत पहिला. त्यांना मात्र धावपट्टीवर जाण्याची परवानगी मिळाली असे वाटले. त्या विमानातील सहापैकी पाच जण गेले. प्रवासी विमानातील ३७९ जण शिस्तीने बाहेर पडले म्हणून वाचले.

चाळीसगावचा टांगा

हे वाचताना आम्हाला आपल्याच जळगाव जिल्ह्यातला एक अपघात आठवल्यावाचून राहत नाही. १९२९ साली बाबासाहेब सरकारी समितीचे सभासद म्हणून खानदेशात फिरत होते. धुळ्याच्या लाईनवरील एका गावात अस्पृश्यांवर बहिष्कार पडला होता, त्याची चौकशी करून ते चाळीसगावला परतले. स्टेशनावरून वस्तीत जायला टांगा हवा होता. टांगेवाले टांगा भाड्याने द्यायला तयार झाले, पण अस्पृश्याला बसवून हाकायला तयार झाले नाहीत. तेव्हा आपल्याच एका बांधवाने लगाम हातात घेतला. त्याला टांगा हाकण्याचा सराव नव्हता. नदीवरच्या पुलावर चाक दगडांत अडकले, बाबासाहेब खाली फेकले गेले, घोडा आणि टांगा नदीत गेला. त्यांचा पाय मोडला.

'वेटिंग फॉर अ व्हिसा' या लिखाणात बाबासाहेबांनी ही हकीकत सांगितली आहे. दोष जातीचा होता, याविषयी शंका नाही. पण त्यांनी आपल्या माणसांनाही एक गोष्ट प्रेमाने दाखवून दिली: पाहुण्याचा मान राखण्याच्या भरात त्याच्या जिवाची सुरक्षितता मागे पडली. लगाम हातात घेणे हा स्वाभिमान झाला. लगाम कसा धरायचा हे शिकून घेणे ही त्याची दुसरी बाजू. त्याच खानदेशात आज विमानाचा लगाम धरायला शिकवले जाते.

घोटाळा टाळतात कसा?

उपाय साधे आहेत. कठीण आहे ते दर वेळी, न कंटाळता पाळणे.

पहिला उपाय, ऐकलेले परत म्हणणे. किती उंचीवर जायचे, कोणत्या दिशेला वळायचे, कोणत्या धावपट्टीवर उतरायचे, ही सूचना मिळाली की वैमानिक ती जशीच्या तशी परत म्हणतो आणि आपले नाव लावतो. नुसते 'ठीक आहे' चालत नाही. नाव नसलेले उत्तर म्हणजे सही नसलेला अर्ज.

दुसरा उपाय, परत म्हटलेले लक्ष देऊन ऐकणे. हे काम नियंत्रकाचे. आकडा चुकला किंवा भलत्यानेच उत्तर दिले, तर तेथल्या तेथे दुरुस्त करायचे.

तिसरा उपाय, नाव मनाने कापू नये. प्रवासी विमानाचे कंपनी आणि क्रमांक असलेले नाव तोडायचे नसते. शिकाऊ विमानाचे नाव छोटे करता येते, पण आधी नियंत्रकाने तसे म्हटले पाहिजे, आणि जवळपास सारखे नाव नसले पाहिजे. वैमानिकाने आपण होऊन ते कापायचे नाही.

चौथा उपाय, सावध करणे. दोन सारखी नावे लहरीवर आली की नियंत्रक दोघांनाही सांगतो, की तुमच्यासारखे नाव येथे आहे. गरज पडली तर एकाचे नाव तात्पुरते बदलतो. कंपन्यांनीही वेळापत्रक करतानाच सारखे क्रमांक एका वेळेला येऊ न देणे हे त्यांचे काम आहे. युरोपात यासाठी कंपन्यांचे क्रमांक आधीच ताडून पाहण्याची सोय केलेली आहे.

पाचवा आणि सर्वांत मोठा उपाय, शंका आली की विचारणे. 'पुन्हा सांगा' म्हणण्यात कमीपणा नाही. बावीस वर्षांच्या शिकाऊ मुलीला शंका आली तर तिने वीस वर्षे अनुभवाच्या नियंत्रकाला विचारलेच पाहिजे. येथे हुद्दा, वय, जात, पैसा काही चालत नाही. ऐकू आले की नाही, एवढेच चालते.

धम्माच्या वाटेने पाहिले तर

आपल्या वाचकांना हे परके वाटू नये. भगवान बुद्धांच्या महापरिनिर्वाणानंतर राजगृहाला पहिली संगीती भरली. आनंदाने धम्म सांगितला, उपालीने विनय सांगितला आणि जमलेल्या भिक्खूंनी तो एकत्र म्हणून पक्का केला. लेखी पुस्तक नसताना शतकानुशतके धम्म टिकला तो ऐकून परत म्हणण्याच्या शिस्तीवर. आपणही त्रिसरण एकदा म्हणून थांबत नाही, तीन वेळा म्हणतो. संकटातला वैमानिक 'मेडे' हा शब्द तीन वेळा उच्चारतो तो यासाठी, की ऐकणाऱ्याच्या मनात शंका राहू नये.

एक फरक मात्र ध्यानात ठेवावा. भिक्खू संघात ठराव मांडल्यावर मौन म्हणजे संमती मानत. आकाशात मौन म्हणजे संमती नव्हे. तेथे उत्तर आले नाही तर सूचना पोचली नाही, असेच धरावे लागते.

सम्यक वाचा म्हणजे केवळ गोड बोलणे नव्हे. योग्य वेळी, योग्य माणसाला, मोजके आणि खरे बोलणे. आणि स्मृती म्हणजे जे चालले आहे त्याचे भान. या दोन गोष्टी मनोऱ्यात बसलेल्या माणसाचा पगार आहेत म्हटले तरी चालेल.

आपल्या मुलांनी मनोऱ्यात का बसू नये?

वैमानिक होण्याचा खर्च लाखांत जातो. २०० तासांचे उड्डाण पूर्ण केल्याशिवाय व्यावसायिक परवाना मिळत नाही. हमाल, सफाई कामगार, विडी कामगाराच्या घराला तो झेपणे कठीण. शिष्यवृत्तीची चौकशी करावी, पण नुसत्या जाहिराती पाहून घर गहाण टाकू नये.

मात्र हवाई वाहतूक नियंत्रकाची वाट वेगळी आहे. भारतीय विमानतळ प्राधिकरण 'कनिष्ठ कार्यकारी' या पदासाठी भरती करते. भौतिकशास्त्र व गणित घेऊन बी.एस्सी. झालेला किंवा इंजिनिअर झालेला उमेदवार अर्ज करू शकतो. अनुसूचित जातीच्या उमेदवाराला आरक्षण आहे, वयात पाच वर्षांची सवलत आहे, परीक्षा शुल्क माफ आहे. निवड झाल्यावर प्रशिक्षण प्राधिकरणाच्या संस्थेत होते. लेखी परीक्षेनंतर आवाजाचीही चाचणी असते, कारण या नोकरीत आवाज हेच हत्यार.

१९९० च्या कायद्याने बौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती केंद्रातही मिळाल्या. पण केंद्राच्या नोकरीला केंद्र सरकारच्या नमुन्यातला दाखला लागतो. राज्याचा दाखला जोडून अर्ज बाद झालेली मुले आम्ही पाहिली आहेत. दहावी-बारावीनंतरच हा दाखला काढून ठेवावा, आणि दाखल्यावरचे नाव व गुणपत्रिकेवरचे नाव अक्षर न् अक्षर एक आहे हे पाहावे. जाहिरात येते तेव्हा नीट वाचावी, कारण अटी बदलत असतात. इंग्रजीची धास्ती घेऊ नये. तेथले इंग्रजी मोजक्या ठरलेल्या शब्दांचे आहे, पण ते स्पष्ट हवे. सराव रोज मोठ्याने वाचूनच होतो.

घरात आणि वस्तीत पाळण्यासारखे

विमानात बसण्याचा योग येवो न येवो, ही शिस्त आपल्या रोजच्या जगण्यात कामाची आहे.

• दवाखान्यात नंबर पुकारला की नुसत्या नावावर उठू नका. संपूर्ण नाव, वय आणि गाव स्वतः सांगा. औषध किती वेळा घ्यायचे ते डॉक्टरांपुढे परत म्हणून दाखवा.

• फोनवर खाते क्रमांक किंवा तारीख घेतली की आकडा आकडा सुटा करून परत म्हणा. 'पंधरा' आणि 'पन्नास' यांत कान फसतो. 'एक-पाच', 'पाच-शून्य' म्हणा.

• सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर लाखोंच्या गर्दीत मूल चुकले तर 'राहुल, जिथे असशील तिथून ये' असे सांगून उपयोग नाही. तेथे शेकडो राहुल असतात. मुलाचे नाव, बापाचे नाव, आडनाव, गाव, तालुका आणि अंगावरच्या कपड्यांचा रंग सांगावा. निघण्यापूर्वीच मुलाच्या खिशात चिठ्ठी ठेवावी.

• कारखान्यात, गोदामात, विजेच्या खांबाखाली काम करताना 'चालू कर' ही हाक कोणी, कोणाला दिली, याची खात्री झाल्याशिवाय बटणाला हात लावू नये. सोबत्याने परत म्हणेपर्यंत थांबावे.

• विहारात रविवारी मुले जमतात. त्यांना अल्फा, ब्राव्हो, चार्लीची अक्षरमाला शिकवा. दोघांना पाठीला पाठ लावून बसवा, एकाने सूचना द्यावी, दुसऱ्याने नाव लावून परत म्हणावी. खेळता खेळता इंग्रजीची भीती जाते आणि कान तयार होतो.

गावगाड्यात आपल्या आजा-पणजांना कोणी पुऱ्या नावाने हाक मारली नाही. नाव तोडून, वाकडे करून हाक मारायची आणि त्यांनी मान खाली घालून ओ द्यायची, अशी रीत होती. म्हणून पुऱ्या नावाची किंमत आपल्याला कोणी शिकवायला नको. उद्या जळगावच्या किंवा मुंबईच्या मनोऱ्यातून आपल्या वस्तीतली एखादी मुलगी प्रत्येक विमानाला त्याच्या पुऱ्या, अचूक नावाने हाक मारील आणि वरचा वैमानिक तिचा शब्द अन् शब्द परत म्हणेल. त्यासाठी आजच तिचे भौतिकशास्त्राचे आणि गणिताचे पुस्तक उघडून द्या.